जत्रा, महोत्सव आणि माझा ऊस

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्या म्हणून पोरं घरी आली होती. आमचीच पोरं. कुणी पुण्याला कंपनीत, कुणी मुंबईला बँकेत. मी लिहून दिलं. मोकळ्या मैदानाचं कौतुक केलं, गावातल्या कारागिरांचं केलं, पोरांना आशीर्वाद दिले. फोटोसकट छापून आलं. वाचून माझं मलाच कसंतरी झालं. लग्नाच्या पंगतीत यजमान समोर उभा असला की माणूस आमटीला नावं ठेवत नाही, तसलं ते लिहिणं होतं. आता महोत्सव होऊन महिना झाला. मांडवाचे खड्डे अजून बुजलेले नाहीत. तेव्हा लिहायचं राहिलं ते आता लिहितो.

आमचं गाव येरळाकाठचं. भैरोबाच्या देवळामागं गायरान आहे. माझ्या लहानपणी ते चार एकर होतं. आता टाकी, अंगणवाडी, दवाखाना आणि कुणाकुणाचे गोठे वजा जाता दोन एकर उरलंय. त्या दोन एकरांत गेली चार वर्षं माघ महिन्यात तीन दिवस महोत्सव भरतो. कमानीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं : 'मोकळं मैदान, गावची खरेदी'. वाक्य चांगलंय. माझं भांडण त्या वाक्याशी नाही.

आधी चांगलं ते सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याला नवं काही बघवत नाही म्हणाल. पहिली गोष्ट, गायरानातल्या वेड्या बाभळी पोरांनी स्वतः तोडल्या. वीस वर्षं ग्रामपंचायतीला जमलं नव्हतं ते चार रविवारांत झालं. दुसरी, बायका. आमच्या जुन्या जत्रेत दिवस मावळला की बाईमाणूस घरात. रात्रीचा तमाशा पुरुषांचा, कुस्तीचं मैदान पुरुषांचं, आणि दारू पिऊन होणारी मारामारीही पुरुषांचीच. महोत्सवात बचत गटाच्या बायका रात्री दहापर्यंत शेंगदाण्याची चटणी, कुरडया, खरवस विकत बसतात आणि पैसे स्वतःच्या कनवटीला लावतात. तिसरी गोष्ट त्याहून मोठी. जुन्या जत्रेत कुणाचं पाल कुठं हे जातीनं ठरलेलं होतं. दोर-दावी विकणारी, केरसुण्या विकणारी माणसं खालच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला. चहाच्या पालात त्यांचे कप निराळे टांगलेले मी या डोळ्यांनी बघितलेत. आज त्याच वस्तीतल्या बाईचं पापडाचं दुकान कमानीतून आत शिरल्याबरोबर पहिलं लागतं. जुनी जत्रा म्हणजे सोन्याचा धूर होता असं कुणी लिहिलं तर ते खोटं आहे, आणि मी ते लिहिणार नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, त्यातसुद्धा बलुतेदारीचं नुसतं गोडगोड चित्र नाही. शंभर वर्षांपूर्वी त्यांना जे दिसलं ते आपण आता विसरायला लागलोय.

तरी जुन्या जत्रेची एक गोष्ट मला या महोत्सवापुढं ठेवायची आहे. तिची जागा.

भैरोबाची जत्रा चैत्रात. का चैत्रात, हे देवाला विचारायची गरज नाही, रानाला विचारा. शाळू काढून, मळून, कडबा गंजीला लागलेला असायचा. हरभरा, करडई घरात. पावसाळ्याला अजून दोन-अडीच महिने. सगळी शिवारं उघडी. माणसाच्या हाताला काम नाही आणि चार पैसे आलेले. म्हणून जत्रा तेव्हा. गायरानात देव, पाळणे, मेवामिठाईची पालं, आणि बैलबाजार आमच्या रानात. गायरानाला लागून आमचं दोन एकर आहे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, जत्रेच्या आधी दोन दिवस बांधाला चार जागी वाट फोडायचे. खुंटं ठोकायला कुणालाही मुभा. दीड-दोनशे जोड्या उतरायच्या. माणदेशातली खिलार खोंडं, पांढरी धोट, कपाळाला गोंडे, शिंगांना शेंब्या. व्यापारी जबडा उघडून दात बघायचा, आदत आहे का दुसा, का चौसा. मग दोघं उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटांनी बोली चालायची. समोर उभ्या शंभर माणसांना कळायचं नाही सौदा कितीवर आलाय. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, उपरण्याकडंच बघत बसायचो.

दादा या जागेचं भाडं घेत नव्हते. लोक म्हणायचे, मोठ्या मनाचा माणूस. मन मोठं होतंच, पण हिशेबही होता. पाच दिवस दीड-दोनशे जोड्या रानात बांधल्यावर शेण-मूत कुणाचं? रानाचं. बैलं गेली की आई आणि मी फाळक्यानं शेण पसरत फिरायचो. पुढच्या साली त्या दोन एकरांतला शाळू बाकीच्या रानापेक्षा वीतभर उंच असायचा. बैलवाल्याला जागा मिळाली, दादांना खत मिळालं, देवाला गर्दी मिळाली. ही मोकळी जागा कुणी 'राखलेली' नव्हती. तिथं फलक नव्हता. ती वर्षातून एकदा आपोआप मोकळी व्हायची, आणि मोकळी ठेवण्यात सगळ्यांचाच फायदा होता.

बाहत्तरच्या दुष्काळात दादांनी आमचीच जोडी त्या बाजारात उभी केली. घेणारा कोण? ज्याच्या त्याच्या दावणीला वैरण नाही. पाचव्या दिवशी मातीमोलानं दिली. रिकामं दावं घेऊन दादा दोनशे पावलं चालत घरी आले आणि कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आई-दादा खडी फोडायला गेले, आणि आमच्या घरात तांबडा मिलो शिजायला लागला. तेव्हा त्या रानाबद्दल मी बोलतो ते नुसत्या हौसेनं नाही.

आता महोत्सवाचं बघा. तो माघात, आणि तोही शनिवार-रविवार धरून. पोरांना सुट्टी तेव्हा मिळते आणि पाहुण्यांना हुरडा तेव्हाच मिळतो, हे समजू शकतो. पण माघात गावाला सवड असते का? शाळू काढणीला आलेला, ऊसतोडीच्या टोळ्या रानात, कारखान्याची चिठ्ठी कधी येईल सांगता येत नाही. यंदा शनिवारी दुपारी कमानीत ढोल-ताशा वाजत होता तेव्हा माझी सून शाळू उपटत होती. रात्री हात धुऊन मैदानात गेली तर दुकानं आवरायला लागलेली. गावचा महोत्सव आणि गाव रानात. मग गर्दी कुणाची? पुण्या-मुंबईची, सांगली-कराडची. येऊ देत, पाहुणा कुणाला नको असतो? पण पाहुण्यांच्या सवडीनं ठरला तो त्यांचा कार्यक्रम झाला. जत्रा तिथीनं चालते, हा रजेनं.

दुसरं, त्या मैदानात मोकळं काय असतं? पाच हजार चौरस फुटांचा मांडव, खाली हिरवा गालिचा, दोन बाजूंना पत्र्याचं कुंपण, आत यायला एक दार, जायला दुसरं. मध्ये स्टेज. पहिल्या दिवशी तीन तास भाषणं झाली, विषय मोकळ्या जागेचं महत्त्व. माझ्या शेजारी बसलेला गावातला म्हातारा मला म्हणाला, "आण्णा, मला जरा मोकळं व्हायला बाहेर जायचंय, वाट कुठनं हाय?" आम्ही दोघं पत्र्याला धरून मैदानाला अर्धा वळसा घालून बाहेर पडलो.

खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत अजून खिलारांचा बाजार भरतो. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत भरतो. तिकडं नांदेडच्या अंगाला माळेगावच्या खंडोबाची यात्रा जनावरांसाठीच नावाजलेली. या जागी कुणाला 'मोकळं मैदान' असं लिहायची गरज पडलेली नाही. जनावर आलं की जागा मोकळी लागतेच. आमच्याकडं जनावर गेलं. ट्रॅक्टर आला, मग २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या आणि गोऱ्ह्याला गिऱ्हाईक राहिलं नाही. २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना परत वाट मिळाली, तोवर करोनानं दोन साल जत्रा मोडल्या होत्या; पुढच्याच साली लम्पीनं जनावरांचे बाजार बंद पडले. त्यातून आमचा बाजार उठला नाही तो नाहीच.

आता खरेदीकडं येतो. महोत्सवात एका गाळ्याचं तीन दिवसांचं भाडं दीड हजार. बचत गटाला निम्मी सूट, ती योग्यच. पण आमच्या गावात चाक फिरवणारं एकच कुंभाराचं घर उरलंय. त्या घरातल्या मावशीला पोरांनी निमंत्रण दिलं, पत्रिकेवर चाकाचं चित्रही छापलं. मावशीनं हिशेब केला. माठ दीडशे-दोनशेला जातो. माती विकत, जळण विकत, भट्टीत टिचतात ते निराळे. भाडं निघायलाच पंधरा-वीस माठ जावे लागतात, आणि माघाच्या थंडीत माठ घेतो कोण? माठ चैत्रात खपतो. तेव्हा ती आत गेलीच नाही. कमानीच्या बाहेर, पार्किंगच्या कडेला गोणपाट टाकून पणत्या आणि बोळकी घेऊन बसली. आत स्टेजवर एक पाहुणे ग्रामीण कारागिरीवर बोलत होते, त्याचा आवाज तिला बाहेर भोंग्यातून ऐकू येत होता. मी तिला विचारलं, मावशी, काय म्हणतायत? ती म्हणाली, "चांगलं बोलायलाय. आमच्याबद्दलच बोलायलाय."

आत काय होतं? गूळ होता, 'गावरान' चिकटवलेला. आमच्या गावातलं शेवटचं गुऱ्हाळ बंद होऊन जमाना झाला. लाकडी खेळणी होती, ती कोकणातली. चांगली होती, नातवाला भोवरा घेतला. कापडी पिशव्यांवर बैलगाडीचं चित्र होतं. शिवून मुंबईहून आलेल्या, विकणाऱ्या पोरानंच सांगितलं. वाईट काही नाही, जुन्या जत्रेतही बांगड्या बाहेरूनच यायच्या. पण मग 'गावची खरेदी' कशाला म्हणायचं? खरेदी म्हणा. घिसाडी विळे-खुरपी घेऊन यायचा, बुरूड सुपं-पाट्या घेऊन यायचा, सनगर घोंगडी घेऊन यायचा, हे सगळेसुद्धा परगावचेच. ते गावचे कशानं? तर गावाला वर्षभर लागेल ते ते आणायचे, आणि मोडलं तर पुढच्या जत्रेला त्याच माणसाला तोंडावर सांगता यायचं. माझ्या आईनं एका बुरुडाला असं सुनावलं होतं की त्यानं जुन्या सुपावर नवं सूप बदलून दिलं. पिशवीवाल्या पोराला पुढच्या साली कुठं शोधायचं?

आणि गावची खरेदी म्हणजे तीन दिवस नव्हे. बाकीचे तीनशे बासष्ट दिवस कुणी बघायचे? गावात एक किराणा दुकान आहे. त्या वाण्याच्या वडिलांनी बाहत्तर साली आमच्या घराला सात महिने उधारी दिली. वही अजून असेल. पीककर्ज अडकलं, उसाचं बिल लांबलं, घरात मयत झाली, की गाव त्याच्या फळीपुढं जाऊन उभं राहतं. तो कटकट करतो, पण देतो. ही खरी गावची खरेदी, आणि तिला पोरांनी महोत्सवात गाळा दिला नाही, कारण चहापत्ती-साबण बघायला कुणी येत नाही.

मी हे रागानं बोलतोय खरा, पण माझं काय? गेल्या दिवाळीत तालुक्याला नवीन मोठं दुकान झालं म्हणून पोरगा मला गाडीत घालून घेऊन गेला. तेल, साखर, रवा, मैदा, सगळा दिवाळीचा बाजार तिथं भरला. किलोमागं दोन-चार रुपये वाचले. येताना वेशीत पोरगा म्हणाला, "आण्णा, पिशव्या खाली पायात घ्या, दुकान लागंल आता." मी घेतल्या. वाणी दारात उभा होता, त्यानं हात केला, मीही केला. तेलाचा डबा माझ्या गुडघ्यांमध्ये. स्मरणिकेत गावच्या खरेदीवर लिहिलं तो हात हाच.

आता ग्रामसभेचं. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा बसली, स्मरणिकेचा मजकूर तोवर छापायला गेलेला. ठराव आला की महोत्सवाची जागा कायमची 'विकसित' करायची. भोवती भिंत, खाली पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या अंगाला बारा गाळे, त्यांचं भाडं ग्रामपंचायतीला. निधी येणार होता, नकाशा तयार होता, नकाशात झाडंसुद्धा हिरवी रंगवलेली होती. मी उठलो. म्हणालो, मोकळ्या मैदानाला भिंत घातली की ते आवार होतं. पेव्हर ब्लॉकात खुंटी ठोकता येत नाही, कुस्तीचा हौदा करता येत नाही, पावसाचं पाणी मुरत नाही. गावच्या सामाईक जमिनी राखा, अतिक्रमणं काढा, असं २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलंय, आणि आपण आपल्याच हातानं गाळे बांधायचे? बारा गाळे म्हणजे बारा घरांचा फायदा, आणि ती बारा घरं कोणती हे आत्ताच सगळ्यांना माहीत आहे. शेवटचं वाक्य जरा लागलं. सभेत गलका झाला.

मग महोत्सवातलंच एक पोरगं उठलं. वडील गेलेले, शिकून वर आलेलं, गुणी पोरगं. रागावलं नव्हतं. म्हणालं, "आण्णा, तुमचं खरंय. पण गायरान तर दोन एकर हाय. जत्रा त्यात कधीच मावत नव्हती. बैलबाजार तुमच्या रानात भरायचा. तिथं आता काय हाय?"

सभेनं माझ्याकडं बघितलं. तिथं ऊस आहे. आडसाली, डोक्याएवढा वर गेलेला, सभा बसली होती तिथून दिसत होता.

हे मी कधी लिहिलेलं नाही. ताकारी योजनेचं पाणी आमच्या शिवारात आलं तेव्हा गावात पेढे वाटले, मीही वाटले. बाहत्तर ज्यानं बघितलंय त्याला पाटाचं पाणी बघून काय होतं ते दुसऱ्याला सांगता येणार नाही. पहिल्याच साली दोन एकर ऊस लावला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो, तो तुटला की खोडवा धरायचा, तो आणखी वर्षभर. म्हणजे चैत्र कोणताही असू दे, रान रिकामं सापडत नाही. पहिल्या चैत्रात बैलवाले आले, बांधावर उभे राहिले, कांडीभर ऊस बघितला आणि देवळामागं दाटीवाटीनं उतरले. दुसऱ्या साली निम्मेच आले. त्यातला एक म्हातारा व्यापारी घरी येऊन चहा पिऊन गेला. म्हणाला, "दादांचं रान बागायत झालं, चांगलं झालं." टोमणा नव्हता तो. मनापासून म्हणाला. शेजारच्या तिघांनीही ऊसच लावला. कुणी गायरानात अतिक्रमण केलं, कुणी भिंतीचा नकाशा काढला, ते सगळं नंतरचं. पहिली मोकळी जागा गेली ती सातबारावर माझं नाव असलेली, कायद्यानं, आणि माझ्या हातानं. त्याबद्दल मला कुणी नोटीस पाठवणार नाही.

माझी टीका त्यामुळं खोटी ठरते का, यावर मी बऱ्याच रात्री विचार केला. भिंत चूकच आहे, हे माझं मत बदललेलं नाही. ठराव तूर्त पुढच्या सभेवर ढकललाय. १ मेला परत येईल, आणि मी परत उठणार. पण पोरांना मी जे सांगत होतो, ते सांगणाऱ्याच्या पायात तेलाचा डबा आणि पाठीमागं ऊस, एवढं त्यांना दिसत होतं आणि मला दिसत नव्हतं. पोरांनी निदान बाभळी तोडल्या. मांडव घालायचा असेल तर घालू देत, पत्रे मात्र काढा, दार सगळीकडनं ठेवा, कुंभारणीचं भाडं माफ करा आणि तीन दिवसांतला एक तरी चैत्रात, जत्रेच्या दिवशी धरा, असं मी त्यांना परवा फोनवर सांगितलं. चैत्रात सुट्टी नसते म्हणाले. बघू म्हणाले.

यंदा आमची तोड उशिरा झाली, गेल्या आठवड्यात फड मोकळा झाला. संध्याकाळी मी बांधावर उभा होतो तर कुंभारमावशी शेळ्या घेऊन वाढ्याला आली. रिकामं रान बघून म्हणाली, "आण्णा, औंदा जत्रंला हितं बसू का मी? माठ हायती पन्नासभर."

रात्री जेवताना पोराजवळ विषय काढला. म्हणालो, यंदा खोडवा नको. बुडखे काढून टाकू, दोन-अडीच महिने रान तापू दे, पावसाळ्याला ताग टाकू, जमिनीलाही बेवड होईल. पोरगा भांडला नाही. मोबाइल काढून त्यानं ताटाशेजारी हिशेब मांडला. खोडव्याला बेणं नाही, लावण नाही, एकरी पस्तीस टन धरा, टनाला तीन हजारांच्या आसपास, दोन एकरांचे दोन लाखांवर. खर्च वजा घाला. एवढे सोडायचे का, चार पालांसाठी? बैलं तर येणार नाहीत. मी म्हणालो, बैलं येणार नाहीत हे खरं. सून वाढता वाढता म्हणाली, "मावशीला गोठ्याच्या पुढं बसू दे की." कुणी काही बोललं नाही.

पाचटाची कुट्टी आणि बुडखे छाटायला ट्रॅक्टरवाल्याला पोरानं सोमवारचं सांगितलंय. आज शुक्रवार आहे.